सहाशे तीसचा लाल

रविवार, दिनांक १४ सप्टेंबर. सकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटे. या वेळी आमच्या दारावरची घंटा वाजली. दारात डॉ. केशव निगुडकर उभे होते आणि त्यांच्या गळ्यात भिंग नव्हते.

ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. निगुडकर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षे राहतात. त्यांपैकी गेली दोन वर्षे ते भिंगाशिवाय कोणाच्या घरात शिरल्याचे मला स्मरत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले ते भिंग काळ्या दोऱ्याने गळ्यात असते. सामान्य मनुष्य दुसऱ्याच्या घरी गेला की चपला काढतो, नमस्कार करतो, बसतो. निगुडकर चपला काढतात आणि थेट टीव्हीकडे जातात. पडद्यापासून दोन बोटांवर गुडघे टेकतात, भिंग लावतात, एक डोळा मिटतात आणि विचारतात, “याचा लाल कसा वाटतो तुम्हाला?”

यजमान साहजिकच म्हणतो, छान.

“छान हे विशेषण नाही,” निगुडकर गुडघ्यांवरूनच सांगतात. “ती सुटका आहे. विशेषण सांगा.”

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. दोन मराठी, बाकी बहुतेक बंगाली. चोवीसही घरांचा लाल त्यांनी तपासला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी भट्टाचार्यबाबू यांनी गेल्या वर्षी भिंतभर टीव्ही घेतला आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्याला साऱ्या मजल्याला बोलावले. पेनल्टीची किक मारली जात असताना निगुडकर गोलरक्षकाच्या जर्सीला भिंग लावून बसलेले होते. दोघा धडधाकट जावयांनी त्यांना काखेत धरून उचलले आणि सोफ्याच्या मागे ठेवले. तिथून त्यांनी विचारले, जर्सी टोमॅटोसारखी आहे की डाळिंबासारखी? गोल झाला होता. भट्टाचार्यबाबू अजून सांगतात की तो त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहिला.

हा उपद्व्याप निगुडकरांच्या पत्नी शालिनीबाई गेल्या त्यानंतर सुरू झाला. लोक म्हणाले, एकटेपणामुळे झाले. लोकांचा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. फक्त तो जिथे थांबतो तिथे थांबायला नको असतो.

माझ्याविषयी दोन ओळी आवश्यक आहेत. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षे काढली; शेवटची अकरा गार्डन रीचच्या मुख्यालयात. निवृत्तीनंतर मुलाने पुण्याला बोलावले. मी आणि माझी पत्नी सुमती इथे बंगालमध्ये, न्यू अलिपूरलाच राहिलो. कारणे सांगण्याची मला सवय नाही. लाल आणि हिरवा हे दोन रंग मात्र मी आयुष्यभर पगारासाठी पाहिले, आणि त्या दोहोंविषयी मी सौजन्य दाखवत नाही.

निगुडकरांचा व्यवसायही रंगाचाच. बजबजच्या अलीकडे एका खाजगी कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथे ते पुढच्या पिढीचे पडदे तयार करण्याच्या खटपटीत अकरा वर्षे आहेत. या पडद्यात मागे एक मोठा दिवा नसतो. रव्याच्या एका कणावर अनेक मावतील इतके बारीक निळे दिवे काचेवर ओळीने बसवलेले असतात. त्यांना मायक्रो एलईडी म्हणतात. सगळेच निळे, मग लाल आणि हिरवा यायचा कुठून? तर त्यांतल्या काही दिव्यांवर डोळ्याला न दिसणाऱ्या स्फटिककणांचा थर देतात. ते क्वांटम डॉट. कण निळा प्रकाश घेतो आणि दुसऱ्या रंगाचा परत देतो. कोणत्या रंगाचा, हे कणाच्या आकारावर ठरते.

हे त्यांनी सुमतीला बुंदीवरून समजावले होते. पीठ एकच, झारा बारीक घेतला तर हिरवी बुंदी पडते, जरा मोठा घेतला तर लाल.

“मग भावजी, माझी दोन्ही झाऱ्यांनी पिवळीच का पडते?” सुमतीने विचारले.

“तुमची बुंदी फार मोठी आहे, वहिनी,” निगुडकर गंभीरपणे म्हणाले. “आकाराचा परिणाम दिसायला ती साधारण दहा लाख पटींनी लहान हवी.” त्या दिवशी त्यांना दुसरी वाटी मिळाली नाही.

मला स्वतःला या विषयात रस वाटला, तो वेगळ्या कारणाने. जुन्या सिग्नलमध्ये रॉकेलची एकच पिवळी ज्योत असे आणि तिच्यापुढे रंगीत काच फिरे. काच नको असलेला प्रकाश गिळते आणि उरलेला सोडते. म्हणजे रंग मिळतो तो काटछाट करून. निगुडकरांचा कण काही टाकत नाही, तो बदलतो. मी त्यांना सांगितले की आमच्या जुन्या हिरव्या सिग्नलची काच हातात घेतली तर निळसर दिसे. ज्योत पिवळी असल्यामुळे ती लांबून हिरवी भासे. निगुडकर खुर्चीतून उठून उभे राहिले. “म्हणजे काच निळी, ज्योत पिवळी आणि ड्रायव्हरला हिरवा?” एवढे बोलून ते आपल्या घरी गेले आणि दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाले, “आभारी आहे.” माझ्या नोकरीविषयी इतका आदर मला खात्यातही मिळाला नव्हता.

भिंगाखेरीज त्यांच्याकडे बुटाच्या खोक्याचे एक यंत्र आहे. खोक्याला एका बाजूस चीर, आत सीडीचा तुकडा, दुसऱ्या बाजूस डोळा लावायला भोक आणि कडेला पेन्सिलीने आखलेली मोजपट्टी. चिरेतून आलेल्या प्रकाशाचा पट्टा आत पडतो आणि मोजपट्टीवर त्याची जागा वाचता येते. कोणाच्याही टीव्हीचा लाल ते या खोक्यातून वाचून आकडा सांगत. “सहाशे बावीस. खरा लाल सहाशे तीसला बसतो. हा उपाशी आहे.” आकडा म्हणजे प्रकाशलहरीची लांबी, नॅनोमीटरमध्ये. त्यांच्या बोलण्यात जगातले सर्व लाल दोन प्रकारचे होते: सहाशे तीसचे आणि उपाशी.

मला पडलेला प्रश्न असा. ज्याच्यापाशी आकडा आहे त्याला विशेषण कशाला लागते? शास्त्रज्ञ सहसा उलट मागतात. मी एकदा तसे विचारले. ते म्हणाले, “आकडा माझा मला मिळतो.” मग विषय बदलून त्यांनी पाऊस किती लांबला ते सांगितले.

आमच्या घरी जुना टीव्ही बिघडला तेव्हा मुलाने नवा पाठवला. निगुडकर आले, गुडघे टेकले, प्रश्न विचारला. मी म्हणालो, “विटकरी आहे. असा लाल सिग्नलवर लावला तर गाडी थांबणार नाही.”

त्यांनी भिंग खाली केले, माझ्याकडे वळून पाहिले आणि खिशातल्या वहीत लिहिले: दातार, विटकरी. त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. येताना दोन काचेच्या बंद नळ्या आणि निळ्या प्रकाशाची बॅटरी आणत. बॅटरी लावली की नळ्या निखाऱ्यासारख्या पेटत. डावी अधिक तांबडी की उजवी? मी सांगे. डावी शेंदरी, उजवी कुंकवासारखी. आज दोन्ही सारख्या. ही गढूळ आहे, टाकून द्या. ते लिहून घेत.

“भावजी, परीक्षक तरी बरा शोधलात,” सुमती एकदा म्हणाली. “माझ्या साडीचा रंग विचारला तर हे ‘स्वच्छ आहे’ म्हणतात.”

“म्हणूनच, वहिनी,” निगुडकर म्हणाले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

थोडा लागला तो यंदाच्या गणपतीत. आमच्या इमारतीच्या कुंपणाला जास्वंद आहे. बंगाली शेजारी ती कालीला वाहतात, आम्ही गणपतीला. झाड दोन्हीकडे पुरते. सुमतीने निगुडकरांना एकवीस फुले आणायला खाली पाठवले. अर्ध्या तासाने ते चार कळ्या घेऊन वर आले. चारही मिटलेल्या, हिरव्या. म्हणाले, “झाड रिकामे आहे, वहिनी. बहुधा कोणी पहाटेच नेली.”

मी गॅलरीत उभा होतो. कुंपण माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यावर तीस तरी फुले होती. निगुडकर त्या फुलांसमोर अर्धा तास पाने न्याहाळत उभे होते.

आमच्या खात्यात ठरावीक काळाने प्रत्येकाची नजर तपासली जाई. रंगीत ठिपक्यांचे पान समोर धरायचे. ज्याची नजर शाबूत आहे त्याला ठिपक्यांत आकडा दिसतो. एका खलाशाला, म्हणजे सिग्नलची देखभाल करणाऱ्या मजुराला, तो दिसला नाही. चौदा वर्षे चोख काम केलेला माणूस. त्याने पान उलटे धरून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी ‘अपात्र’ असे लिहून सही केली आणि जेवायला गेलो. नियम योग्य होता; आजही तो मला योग्य वाटतो. त्या दिवशी गॅलरीत मात्र तो खलाशी आठवला. मी खाली जाऊन फुले आणली आणि कोणाशी काही बोललो नाही.

आता चौदा तारखेच्या सकाळकडे येतो.

निगुडकर आत आले, बसले. टीव्हीकडे त्यांनी पाहिलेही नाही. “दातारसाहेब,” ते म्हणाले, “आज दुपारी प्रयोगशाळेत माझा डबा पोहोचवाल का?”

मी कारण विचारले. ते त्यांनी क्रमाने सांगितले. पहिला पूर्ण पडदा तयार झाला होता. ते त्याला पाटी म्हणत. उद्या सोमवारी अकरा वाजता मुख्य कचेरीतले पाहुणे ती पाहायला येणार होते. पाटी पसंत पडली तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर इथले काम बंद करून सामान दुसऱ्या शहरी हलवतील. आठ माणसे आणि अकरा वर्षे. आज रविवार असूनही सगळे कामावर होते. काल त्यांची सहकारी सोहिनी त्यांना म्हणाली होती, सर, उद्या तुमचा डबा कोण आणणार? पूर्वी पाटीचा नमुना तयार झाला की त्या दिवशी शालिनीबाई डबा घेऊन जात.

“डब्याचे समजले,” मी म्हणालो. “पुढे?”

“डबा द्यायचा. पाटीसमोर उभे राहायचे. दिसेल ते सांगायचे. मराठीत.”

“मराठीत का?”

“तिथे कोणाला येत नाही.”

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मी आवाज उतरवला.

“निगुडकर, तुम्हाला लाल दिसत नाही.”

त्यांनी नाकारले नाही. “लाल आणि हिरवा मला वेगळे कळत नाहीत,” ते म्हणाले. “दोन्ही मातीसारखे. जन्मापासून. खोक्यात मी रंग पाहत नाही, जागा वाचतो.”

“प्रयोगशाळेत कोणाला ठाऊक आहे?”

“नाही. तिथे समजतात, सरांची नजर फार तीक्ष्ण. ती शालिनीची होती. ती डबा उघडता उघडता सांगायची, खालून शेंदरी झालाय, मधे फिका पडलाय. लोकांना वाटे भाजीविषयी बोलते आहे. मग मी तेच जरा वेळाने इंग्रजीत सांगे.” त्यांनी हात गळ्यातल्या दोऱ्याकडे नेला, तो तिथे नव्हता. “आता खरे सांगितले तर मागची सगळी मते खोटी ठरतील. ती खरी होती. माझी नव्हती, एवढेच.”

“यंत्र आहे की तुमच्याकडे. खोके नव्हे, मोठे.”

“यंत्र नऊ ठिकाणी मोजते. ठरलेल्या नऊ. नऊही ठिकाणी सहाशे तीस आहे. पण मनुष्य नऊ ठिकाणी पाहत नाही, तो सगळे एकदम पाहतो. उद्या येणारेही तसेच पाहतील.”

“इमारतीत चोवीस घरे आहेत. मीच का?”

“बावीस घरांनी छान म्हटले,” निगुडकर म्हणाले.

मी त्यांना सांगितले की माझ्या खात्यात असता तर मी तुम्हाला अपात्र ठरवले असते. ते म्हणाले, “ठाऊक आहे. म्हणून तर मी तुमच्या खात्यात आलो नाही.” मग ते सातच्या गाडीने पुढे गेले. जाताना त्यांनी डबा ठेवला. चार पुडांचा, स्टीलचा. झाकणावर नाव कोरलेले: सौ. शालिनी निगुडकर.

सुमतीला मी फक्त डब्याचे सांगितले. बाकीचे माझे नव्हते. तिने पोळ्या केल्या, भरली वांगी केली, वरचा पूड लिंबाच्या लोणच्याने आणि कोशिंबिरीने भरला. मग मला न्याहाळले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चष्मा दोनदा पुसला होता.

“पन्नास वर्षांत माझ्यासाठी कधी पिशवी उचलली नाहीत,” ती म्हणाली. “आणि अहो, डबा द्यायला जाताय, तपासणीला नाही. चेहरा जरा सैल सोडा.”

मी प्रयत्न केला. स्टेशनच्या वाटेवर पूजेच्या मांडवाचे बांबू आडवे पडलेले होते. त्यांवरून डबा सांभाळत जाताना खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि मी आजारी कोणाला भेटायला चाललो आहे ते विचारले. मी नाही म्हणालो. बजबजची गाडी वेळेवर होती. स्टेशनाबाहेरून टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, दहा मिनिटे लागली. हवा इतकी दमट होती की डब्याची कडी घामाने हातातून निसटत होती.

प्रयोगशाळा मला रुग्णालयासारखी वाटली. तेवढीच स्वच्छ, तेवढीच थंड. सात जण पांढऱ्या डगल्यांत उभे होते. निगुडकरांनी माझी ओळख शेजारी अशी करून दिली. “या, मेशोमोशाई,” असे म्हणून पस्तिशीच्या एका बाईने माझ्या हातातला डबा घेतला. बंगालीत मावशीच्या यजमानांना तसे म्हणतात. ती सोहिनी.

“आमची पाटी पाहून जा,” निगुडकर माझ्याशी हिंदीत म्हणाले. ते वाक्य त्यांनी पाठ केले असावे.

पाटी टेबलावर उभी होती. साधारण दोन वह्या उघडून शेजारी ठेवल्या तर होईल एवढी. तिच्यावर नुसता लाल लावलेला होता. मी छत्तीस वर्षे लाल पाहिला, पण असा नाही. प्रकाश बाहेर पडतो आहे असे वाटतच नव्हते. रंगच तिथे ठेवलेला आहे असे वाटत होते. निगुडकर माझ्या डाव्या बाजूला उभे होते. त्यांची नजर पाटीवर नव्हती. माझ्या चेहऱ्यावर होती.

पाठीमागे कोणी तरी म्हणाले, “दारुण, ना?” बंगालीत दारुण म्हणजे उत्तम. मला तो शब्द मराठीत ऐकू आला.

मी डावीकडून उजवीकडे पाहिले, मग वरून खाली. सिग्नलच्या तपासणीत पाहतात तसे. उजव्या खालच्या कोपऱ्यापासून वर चार बोटे जाणारी एक पट्टी होती. तिथला लाल लाल नव्हता.

“कुंकवासारखा आहे,” मी मराठीत म्हणालो. “उजवा खालचा कोपरा सोडून. तिथे चार बोटांची पट्टी शेंदरी आहे. मारुतीसारखी.”

“नक्की?”

“लहान मुलालाही दिसेल.”

निगुडकरांनी घसा साफ केला, डबा टेबलावरून उचलला, वांग्यांचा वास घेतला, पुन्हा ठेवला. मग सावकाश पाटीकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितले की यंत्राचे टोक उजव्या खालच्या कोपऱ्यावर न्या. ते दहावे ठिकाण होते. यंत्राने आकडा दिला: सहाशे बारा.

मग सगळे एकदम बोलू लागले. पाटी भर पावसाळ्यात जोडली होती. कडेच्या सांध्यातून दमट हवा आत गेली होती. हवा लागली की कण बाहेरून झिजतो, लहान होतो, आणि बुंदीच्या नियमाने त्याचा रंग लालकडून केशरीकडे सरकतो. मी सर्वांत जवळ उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारले, ही पट्टी तुम्हाला आधी दिसली नव्हती? ते ओशाळले. म्हणाले, दिसली होती. पण सर रोज पाटीसमोर उभे राहतात. सरांनी पाहिले आणि काही म्हटले नाही, तेव्हा आपल्याच डोळ्यांत काही असेल असे वाटले.

सात शाबूत नजरा एका नसलेल्या नजरेवर विसंबून होत्या.

जानेवारीतल्या कोरड्या हवेत जोडलेली एक पाटी कपाटात होती. आकाराने निम्मी. ती लावली. मी चारही कोपरे पाहिले आणि म्हणालो, “सगळीकडे कुंकू.” दहाव्या ठिकाणीही सहाशे तीसच निघाला. उद्या तीच दाखवायची असे ठरले. निम्मी पाटी पाहुण्यांना पटेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण निदान ती खरी होती. मग सर्वांनी डब्यावर हात मारला. भरल्या वांग्यांना दारुण म्हणण्यात आले.

मी निघालो तेव्हा सोहिनी रिकामा डबा द्यायला फाटकापर्यंत आली. आजूबाजूला कोणी नव्हते. ती म्हणाली, “काका, मारुती आमच्या वसतिगृहाजवळ पण होता. शेंदूर मला माहीत आहे.”

मराठी अडखळत होते, पण पुण्याचे होते. तिने तिथे दोन वर्षे शिक्षण घेतले होते.

“म्हणजे शालिनीबाई बोलत ते...”

“चार वर्षे ऐकले. काकू भाजीचे कधीच बोलल्या नाहीत.” ती जरा हसली. “सरांना सांगू नका. त्यांना वाटू दे. पट्टी मला महिन्यापूर्वी दिसली. सरांना मी कसे सांगणार? म्हणून विचारले, डबा कोण आणणार.”

मी तिला सांगितले की मी सांगणार नाही. हे मी इथे लिहितो आहे, पण निगुडकर मराठीत आकड्यांखेरीज काही वाचत नाहीत.

संध्याकाळी पाचला ते घरी परतले आणि मला समोर बोलावले. त्यांच्या घरात मी यापूर्वी बैठकीच्या पुढे गेलो नव्हतो. त्यांनी आतले कपाट उघडले. प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून कापडाची बारीक पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर शाईने लिहिलेले होते: तपकिरी. बाटलीहिरवा. हा लाल, कचेरीत नको. अक्षर शालिनीबाईंचे. धुऊन धुऊन पुसट झाले होते.

खालच्या खणातून त्यांनी एक रेशमी साडी काढली. तिला पट्टी नव्हती.

“लग्नानंतरची पहिली दिवाळी,” ते म्हणाले. “तिला लाल साडी हवी होती. मी एकटा गरियाहाटच्या बाजारात गेलो. दुकानदाराला विचारायची लाज वाटली. मीच निवडली. तिला तोवर माझ्या डोळ्यांचे ठाऊक नव्हते.” त्यांनी साडी माझ्या हातात दिली. “ती प्रत्येक सणाला नेसायची. मी विचारायचो, कशी आहे? ती म्हणायची, छान. पाटीला तिने कधी छान म्हटले नाही. घरात यंत्र आहे. दोन वर्षांत लावायचा धीर झाला नाही. विशेषण सांगा, दातारसाहेब.”

मी साडी खिडकीपाशी नेली. दिवसाचा उजेड थोडा शिल्लक होता. या माणसाने मला ज्या एका गुणासाठी निवडले होते, तो ऐन वेळी बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही.

“शेवाळी आहे,” मी म्हणालो. “मळकट. लालाचा अंश नाही.”

निगुडकर खुर्चीवर बसले. मी साडी उलगडून पाहिली, कारण अर्धवट तपासणी मी करत नाही.

“निऱ्यांच्या जागी रेशीम विरले आहे,” मी म्हणालो. “पदराला दोन ठिकाणी रफू आहे, बारीक, घरी केलेला. काठ एकदा बदललेला आहे. न आवडलेल्या साडीवर कोणी इतके कष्ट घेत नाही.”

“मी तिला माझ्या डोळ्यांचे पुढच्या संक्रांतीला सांगितले,” निगुडकर म्हणाले. “फार घाबरत सांगितले. ती म्हणाली, मला माहीत आहे. कसे, ते मी कधी विचारले नाही.” त्यांनी हात पुढे केला. मी साडी दिली. “म्हणजे दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून,” मी म्हणालो.

त्यांनी साडीची घडी घातली. घडी बरोबर घातली; त्यासाठी रंग लागत नाही. मी त्यांना सांगितले की उद्या बाटलीहिरवा शर्ट घालू नका, तो बाहीला फाटला आहे, पांढरा घाला. ते बरे म्हणाले.

घरी आलो तेव्हा डबा ओट्यावर तसाच होता. मी तो घेतला, चारही पूड सुटे केले आणि नळाखाली धरले. सुमती दारात येऊन उभी राहिली.

“तुम्ही? डबा?”

“हो.”

“द्या इकडे. नाहीतर भावजींकडे पोहोचवून या, त्यांच्याकडे बाई येते सकाळी.”

मी दिला नाही. पूड घासले, धुतले, फडक्याने कोरडे केले, एकावर एक बसवून कडी लावली, आणि डबा परत न करता आमच्याच फळीवर, हाताशी येईल असा ठेवला.